पाचवा रकाना

वर्षाबाईंनी नवशीची बागवही उघडली, पानं उलटली आणि कपाळाला हात लावला. पाचवा रकाना अजून कोराच होता.

चौथीच्या मुलांनी आषाढात या वह्या केल्या होत्या. गोणपाटाचं कव्हर, त्यावर सागाची कोवळी पानं चोळून काढलेला लाल रंग, आत आपापल्या वेलाची चित्रं आणि पाच रकाने: लावलं, उगवलं, फुललं, धरलं, खाल्लं. रकाने बाईंच्या डोक्यातून निघालेले, आणि त्यांचा बाईंना अभिमानही होता. नवशीची वही सगळ्यांत देखणी. कव्हरच्या कडेने तिने नागलीचे दाणे एकेक करून चिकटवले होते. जव्हारच्या प्रदर्शनाला तीच जायची होती, आणि केंद्रप्रमुख उद्या ती न्यायला येणार होते. एका कोऱ्या रकान्यापायी ती मागे राहावी हे बाईंना पटेना.

शाळेमागच्या मांडवावर नवशीची एकुलती एक काकडी पिकून पिवळी पडायला लागली होती. तोड म्हणून बाईंनी तीनदा सांगितलं. ती दर वेळी मान डोलवायची आणि तोडायची मात्र नाही. पोरगी हट्टी आहे, असं बाईंनी ठरवून टाकलं होतं.

मधल्या सुट्टीत नवशी घरी गेली तेव्हा बाईंनी स्वतःच काकडी तोडली. खिचडी रांधणाऱ्या गोदाकाकीच्या विळीवर चिरली, वर्गात फोडी वाटल्या, एक स्वतः खाल्ली आणि एक नवशीसाठी ठेवली. ती परत आल्यावर फोड तिच्या हातात देऊन, आता खा आणि वहीत लिही, असं लाडाने सांगितलं.

नवशीने खिडकीतून रिकाम्या मांडवाकडे पाहिलं. मग फोड ओंजळीत धरून ती नुसतीच उभी राहिली.

गोदाकाकीने दारातून हे पाहिलं आणि बाईंना चुलीपाशी बोलावून घेतलं. घरातलं माणूस गेलं की त्या वर्षीचं नवं, म्हणजे पहिलं फळ किंवा धान्य, आधी त्याच्या नावानं पानावर ठेवायचं, तोवर घरच्यांनी तोंडात घालायचं नाही, ही रीत तिने थोडक्यात सांगितली. नवशीची धाकटी बहीण सोमी श्रावणात तापाने गेली होती. बाईंना ते ठाऊक होतं. नवशीचे आठ खाडे त्यांनीच हजेरीत मांडले होते.

"दिवाळीला बाप ठाण्याहून येल, तवा ठेवणार व्हती," गोदाकाकी म्हणाली. "तुमाला कोन सांगनार, बाई."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या वर्गात आल्या, नवशीसमोर जमिनीवर बसल्या आणि माझं चुकलं, आधी विचारायला हवं होतं, असं सगळ्यांदेखत म्हणाल्या. बाईंनी पोरीची माफी मागितलेली मुलांनी कधी पाहिली नव्हती, त्यामुळे मागची मुलं उठून बघू लागली.

नवशी मात्र बाईंच्या तोंडाकडे निरखून बघत होती.

"बाई, तुम्ही खाल्ली?"

"खाल्ली."

"तुमच्या घरातला कोन गेलाय का?"

बाईंना बदली होऊन इथे आल्याला दोन वर्षं झाली होती. इतक्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलंही नव्हतं.

"आई," त्या म्हणाल्या. "इथे रुजू झाले, त्याच महिन्यात."

"तिचं नवं ठेवलंत?"

बाईंनी नाही म्हणून मान हलवली.

नवशीला त्यांची काळजी वाटली, ती चेहऱ्यावर उघड दिसत होती. बाहेर जाऊन तिने पळसाचं पान आणलं, उंबऱ्याबाहेर अंथरलं आणि फोडीचे नीट मोडून दोन तुकडे केले. सोमीचं नाव घेऊन एक पानावर ठेवला. दुसरा उचलून तिने बाईंकडे पाहिलं.

"नाव काय तिचा?"

आईचं नाव घ्यायला वर्षाबाईंनी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. नावाशिवाय ठेवायचं नसतं, म्हणून नवशी तो तुकडा हातात धरून थांबली.