एल सौसालची घंटा

लग्नाला चार दिवस झाले होते आणि नेरेइदाने नवऱ्याला तीन चर्चं दाखवली होती. मधुचंद्राला समुद्रावर जायचं हा उबाल्दोचा बेत तिने साखरपुड्याच्या दिवशीच मोडून काढला होता. "समुद्र तू रोज बघतोस," ती म्हणाली होती. "मी सहा वर्षं पोरांना पाद्र्यांनी बांधलेल्या या जुन्या मिशन-चर्चांचा इतिहास शिकवतेय, आणि एकाचीही पायरी चढलेली नाही."

उबाल्दो गुआयमास बंदराच्या गोदीत क्रेन चालवायचा. भांडणं त्याला जमत नसत. पण तुबुतामाच्या चर्चला तो पिकअपमध्येच झोपून गेला, आणि ओकितोआच्या चर्चसमोर म्हणाला, "हे काल पाहिलं ना आपण?" नेरेइदा संध्याकाळपर्यंत त्याच्याशी बोलली नाही.

शनिवारी सकाळी एल सौसालला पोचले, तर सगळं गाव चर्चसमोर जमलेलं. मनोऱ्याची तुळई कुजल्यामुळे दोन वर्षांपूर्वी घंटा खाली उतरवली होती. आता तुळई नवी बसली होती आणि तीनशे किलोंची घंटा आज वर चढायची होती. वीसेक माणसं एका दोराला लोंबकळली होती. हुकूम सोडत होते घंटेचे जुने राखणदार एलिहियो; गाव त्यांना मानाने 'डॉन' म्हणे.

घंटा कमरेएवढी उचलली गेली, गर्रकन फिरली आणि थेट भिंतीवर आदळली. दारावर दगडात कोरलेल्या शिंपल्याचा टवका उडाला. बायका किंचाळल्या. तो शिंपला नेरेइदाने पुस्तकात कितीदा पाहिला होता.

"थांबा. खाली घ्या, हळू," कुणीतरी ओरडलं. वळून पाहते तो उबाल्दो. बाह्या वर सारत तो गर्दीतून पुढे निघाला होता.

डॉन एलिहियोंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. पिकअपच्या काचेवरचं 'नवविवाहित' अजून पुसलेलं नव्हतं. "नवरदेव, फोटो काढा आणि सुटा. बायको वाट बघतेय."

"बायकोनेच आणलंय इथे," उबाल्दो म्हणाला. "एका कप्पीवर ओढताय, आणि बाजूने धरायला दोर नाही. पुढच्या खेपेला हा शिंपला पुरता जाईल."

"मी शेंबडा होतो तेव्हापासून ही घंटा ओळखतो मी."

"घंटा तुम्हीच ओळखता, डॉन एलिहियो. मी फक्त वजन ओळखतो."

म्हाताऱ्याने हातातला दोर आणखी घट्ट धरला. नेरेइदा पुढे सरकली. "आजोबा, जहाजातून ट्रकएवढ्या पेट्या उचलतो हा. एकदा ऐका त्याचं."

"तू पाहिलंयस?"

"नाही," ती खरं तेच बोलली. "आज बघीन म्हणते."

माणसं हसली. म्हाताऱ्यालाही हसू आवरलं नाही. त्याने दोर सोडला.

पिकअपमधल्या उबाल्दोच्या कामाच्या पेटीतून दुसरी कप्पी आली. उबाल्दोने गाठी मारल्या, घंटेला बाजूने दोन दोर बांधले. एक डॉन एलिहियोंच्या हाती दिला आणि दुसरा नेरेइदाच्या.

"मी? एवढी माणसं आहेत की."

"तू ऐकतेस. ही सगळी ओरडतात. माझ्या हाताकडे बघ, घंटेकडे नको."

त्याने दोन बोटं वर केली. दोर ताणले, घंटा उठली. नेरेइदाच्या तळव्यांची आग होत होती, टाचा मातीत रुतल्या होत्या. तिने नजर त्याच्या हातावरून हलवली नाही. तो पंजा मिटे की ती दोर धरून ठेवी. बोट झुकवी की हातभर सोडी. असा नवरा तिने पाहिलाच नव्हता. सुस्ती नाही, चेष्टा नाही, वीस माणसं त्याच्या एका बोटावर. तिच्या छातीत लग्नाच्या दिवशीही एवढी धडधड नव्हती. शिंपल्यापासून वीतभर अंतर राखून घंटा वर गेली. मनोऱ्यातल्या माणसांनी तिला आत ओढून घेतलं.

मग पहिला टोला पडला. डॉन एलिहियोंनी टोपी काढून तोंडावर धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

जेवल्याशिवाय कुणी सोडेना. सुकवलेल्या मटणाचं परतवण, परातीएवढ्या पोळ्या. नेरेइदाच्या हातांना फोड आले होते, म्हणून उबाल्दो घास मोडून तिला भरवत होता आणि बायका त्यावरून दोघांना यथेच्छ चिडवत होत्या. चिडवणं संपेना तेव्हा तो तिला हळूच म्हणाला, "चल, तो शिंपला नीट दाखव. आणि कुणी कोरला तेही सांग."

ती उठली. तिला सांगायला पुष्कळ होतं.