वाघर लावल्यावर

रावजीच्या तोंडी लागू नये, हे कळंबमधलं शेंबडं पोरही सांगेल. गोष्ट सांगायला बसला की साध्या ओढ्याला पूर आणायचा, आणि ऐकणाऱ्यालाही भिजायला लावायचा. बापाच्या वेळची मेंढरं कधीच विकली होती. त्या जागी कालव्याच्या पाण्यावर ढोबळी मिरची आणि पेरूची बाग उभी होती, पण रावजीच्या तोंडातून मेंढरं काही जात नव्हती. विषय कुठलाही निघो, हा त्याला वळवून वळवून वाड्यावर नेणार. वाडा म्हणजे दगडामातीचा नव्हे. दिवाळी झाली की चार घरचे कळप एक करून कोकणाकडे उतरायचं, त्या तांड्याला ही माणसं वाडा म्हणतात.

त्याची लेक स्वराली जॉर्जियात, तिबिलिसी शहरात डॉक्टरकी शिकत होती. एका म्हातारीच्या घरात खोली घेऊन राहायची. तिकडे आजीला बेबिया म्हणतात, म्हणून रावजीने तिचं बेबीआज्जी करून टाकलं. बेबियाही डोंगरातल्या मेंढपाळाची लेक निघाली आणि रावजीला आभाळ ठेंगणं झालं. दर रविवारी दुपारी फोन लागायचा. ती भिंतीवरची लोकरीची टोपी दाखवायची, हा खांद्यावरची घोंगडी दाखवायचा. मधे बसून स्वराली इकडचं तिकडे करायची. धोंडाबाई नवऱ्याला म्हणायची, "लेकीला फोन लावताय का त्या म्हातारीला?"

बेबियाजवळ तिचा नातू राहायचा, गिओ. पोराचे आईबाप इटलीत, तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची उस्तवार करत पोट भरत होते. स्वराली पहिल्यांदा तिथे उतरली तेव्हा तिची ट्रंक चार मजले वर नेली ती गिओने. दिवाळीत खिडकीत पणत्या लावल्या त्याही त्यानेच, आणि करंजी खाऊन आतलं सारण कुठून भरलं ते शोधत बसला. धोंडाबाईला तो न बघताच आवडला होता.

मग त्या देशाच्या सरकारने युरोपच्या संघात जायची बोलणी पुढे ढकलली आणि तरणी पोरं रोज संध्याकाळी रस्त्यावर उतरू लागली. त्यांतच गिओ. एका रविवारी फोन लागला तोच भांडणाच्या आवाजात.

"आबा, हितं घरात जुंपलीय," स्वराली म्हणाली. "गिओ म्हणतो, संघात जायलाच पायजे. बेबिया म्हणती, न्हाय. आता म्हणती, तुझ्या बापाला इचार. त्यो मेंढरामागं फिरलेला माणूस हाय."

बेबियाचं म्हणणं असं की शेजारचा रशिया केवढा, आपण केवढे. मागच्या लढाईत तिच्या बहिणीचं अख्खं गाव गेलं. त्याला खिजवून लांबच्यांच्या गळ्यात पडायचं कशाला? मार पडेल तेव्हा ते धावून येणार आहेत थोडेच? गिओ म्हणत होता, गाव गेलं म्हणूनच तर या शेजाऱ्याच्या मुठीतून सुटायचं. तिकडचे कायदे, तिकडची कामं इथे आली तर माझे आईबाप घरी येतील. मी आईच्या हातचं जेवून किती वर्षं झाली, असं तो म्हणाला, आणि ते सांगताना स्वरालीचा आवाज जरा हलला.

रावजीच्या ते कानावरून गेलं. सल्ला मागितला म्हटल्यावर तो फुगला होता.

"ह्यात काय अवघड हाय?" तो म्हणाला. "आमी बी वाड्यात सामील व्हयाचो की. लांबचा वाडा मोठा दिसतो, बरं वाटतं. दुरून डोंगर साजरे. पर पाण्यावर आपली मेंढरं समद्यात शेवटी. अन लांडगा आला की लांबचा माणूस घोंगडी वर वढून निजतो. जवळचा किती का वाकडा असंना, त्याच्याशी जुळवून घ्यावं."

गिओने ऐकलं आणि विचारलं, "आणि जवळच्या वाड्याचा म्होरक्याच तुमची मेंढरं खात असेल तर?"

रावजी हसला. उत्तर नसलं की तो गोष्ट सांगायचा, आणि तेवढ्यात बेबियाने वाटही करून दिली. पोरगं ऐकत नाही, रोज जातं, अर्ध्या रात्री येतं, काय करू, असं तिने विचारलं.

"वाघर लावा," रावजी म्हणाला. वाघर म्हणजे मेंढरांभोवती रात्री उभं करायचं सुतळीच्या जाळीचं कुंपण. "दिस बुडाला अन वाघर लावली की माझा बाप पहाटंपातूर सोडत नसायचा. मागं ऱ्हायलं ते ऱ्हायलं. रातीला उघडली तर आख्खा कळप बिथरतो. आमची येक मेंढी व्हती, चंद्री, लई वढाळ. येकदा ऱ्हायली भाईर. रातभर वरडली, बापानं कान दिला न्हाय. सकाळी बघतोय तर वाघरीला नाक लावून हुबी, गरीब गाईवानी. पुन्यांदा कधी मागं ऱ्हायली न्हाय. तुमी बी आतनं कडी लावा, आज्जी. येक रात भाईर काढली की पोरगं सुतासारखं सरळ येतंय."

मिरच्या निवडता निवडता धोंडाबाईने मान वर केली. सासूने तिला खरी गोष्ट सांगितलेली होती. चंद्री सकाळी कुठेही नाक लावून उभी नव्हती. करवंदीच्या जाळीत तिच्या लोकरीचे पुंजके सापडले आणि गळ्यातली घंटा. तीच घंटा या घराच्या देव्हाऱ्यात होती. रावजीचा बाप त्या दिवशी जेवला नाही, आणि पुढे मरेपर्यंत वाघरीचा एक कोपरा सैल ठेवत राहिला. रावजी तेव्हा सात-आठ वर्षांचा, घंटा पोटाशी धरून रडलेला. पण गोष्ट त्याला अशीच बरी वाटायची. इतक्या वेळा सांगून तिला नुसतं तिखटमीठ लागलं नव्हतं, तिचा शेवटच बदलला होता.

स्वरालीलाही आजीने खरं सांगितलं होतं. पण चार परक्यांत बापाचा शब्द खाली पाडायचा नाही, हे त्या पोरीच्या अंगात मुरलेलं. तिने जसं ऐकलं तसं त्या भाषेत सांगितलं. गिओ हसला. बेबिया हसली नाही. ती बराच वेळ मान डोलवत राहिली.

दुसऱ्या दिवशी बारामतीच्या मार्केट यार्डात रावजीने कुंडलिकला सांगितलं, "काल जॉर्जियाचा निकाल लावून टाकला."

"उंटावरनं शेळ्या हाकतुयास," कुंडलिक म्हणाला. कुंडलिक भाजीचा अडत्या, रावजीचा जुना दोस्त. दोघं हसले आणि चहाला गेले.

त्याच आठवड्यात, लिलाव चालू असताना स्वरालीचा फोन आला. ती अवेळी कधी फोन करायची नाही. रावजी क्रेटच्या थप्पीआड गेला.

"आबा, बेबियानं कडी लावली," ती म्हणाली.

रात्री तोंडं झाकलेली माणसं पोरांच्या मागे लागली. कोण होती, कुणाची होती, कुणाला ठाऊक नाही. गिओ गल्लीबोळातून पळत घरापर्यंत आला. दारावर धडाधडा मारू लागला. बेबिया आत, कडीवर हात ठेवून बसलेली. तिला वाटलं, हीच ती एक रात्र.

"मी उठले, आबा. कडीला हात घातला, तर तिनं माझा हात धरला. म्हणली, तुझ्या बापानं सांगितलंय, रातीचं उघडायचं न्हाय. अन मी थांबले. मग दार वाजायचं बंद झालं. उघडलं तवा त्यो जिन्यात पडला व्हता. डोस्कं फुटलंय. शुद्ध न्हाय."

"आगं, मी आपलं बोलायचं म्हणून..."

"व्हय," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

मिरची कितीला गेली हे रावजीने विचारलंही नाही. घरी येऊन ताटावर बसला आणि तसाच उठला. धोंडाबाईला सगळं सांगितलं. आपल्यामुळे एका परक्या घराचं पोर मरणाच्या दारात पडलंय, हे त्याला कळत होतं आणि सोसत नव्हतं.

"लोकाच्या लेकराचा जीव," धोंडाबाई म्हणाली, "अन तुमी त्येला अर्धी गोष्ट दिली." त्या संध्याकाळी देवापुढे तिने घंटा वाजवली नाही.

रविवार आला. रावजी नेहमीच्या वेळी ओट्यावर फोन घेऊन बसला, पण लावायचा धीर होईना. शेवटी तो तिकडूनच वाजला. दवाखान्याचा लांबलचक पांढरा बोळ दिसत होता. बाकावर बेबिया बसली होती, डोक्याचा रुमाल सुटलेला. रावजीला बघताच ती फोनकडे वाकली आणि भराभर बोलू लागली.

स्वरालीने सांगितलं, पण आवाज तिचा वाटेना. "इचारती, तुमची ती मेंढी सकाळी परत आली व्हती ना? नक्की? चार दिस ती त्याच मेंढीवर बसून हाय, आबा. म्हणती, ती आली तर माझा बी येईल."

धोंडाबाई हातातलं काम टाकून नवऱ्याकडे बघू लागली. खरं सांगावं तर म्हातारी इथेच कोसळेल असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर, त्याला स्वतःलाच ते तोंडातून काढवत नव्हतं.

"आली व्हती, आज्जी," तो म्हणाला. "वाघरीला नाक लावून हुबी व्हती."

स्वरालीने ते शब्दाला शब्द त्या भाषेत सांगितलं. बेबियाचा चेहरा उजळला. तिने सुरकुतलेला हात फोनवर टेकवला, जणू रावजीच्या गालाला लावला.

मग स्वराली मराठीत बोलली. "आबा, गिओ पहाटं गेला. हिला अजून कुणी सांगितलं न्हाय. इटलीवरनं हिच्या लेकाचा फोन आला व्हता, त्यानं माझ्यावर सोपवलंय."

"मग मला कशापायी इचारलंस?" रावजी कसाबसा म्हणाला.

"वाटलं, ह्या बारीला तरी तुमी खरं सांगाल. म्हंजी तिला कळाय लागलं असतं. मला येकटीला न्हाय सांगवत." तिने डोळे पुसले. "आता सांगते. फोन ठिवू नका. तुमी बी बघा."

तिने फोन समोरच्या खिडकीत उभा करून ठेवला आणि बेबियाच्या पुढ्यात उकिडवी बसून तिचे दोन्ही हात धरले. म्हातारी अजून फोनकडे बघून हसत होती.

रावजीचा अंगठा फोन बंद करायला वर गेला. धोंडाबाईने त्याचं मनगट धरलं आणि हात खाली मांडीवर ठेवला.