तळपायाची वाटी

मी वाटी आहे, पण माझ्यात आजवर कुणी आमटी वाढलेली नाही की श्रीखंड. स्वयंपाकघरातली भांडी मला आपल्या पंगतीत घेत नाहीत. "ती पायाला लागते," असं म्हणून साधा चहाचा कपसुद्धा नाक मुरडतो. मुरडू दे. त्याच्या नशिबी उष्टे ओठ, माझ्या नशिबी एका बाईचे तळपाय. मला त्याचा कधी कमीपणा वाटला नाही.

माझी जात काशाची. तांबं आणि कथील वितळवून, ठोकून ठोकून कासाराने मला घडवलं आणि माझं बूड असं गुळगुळीत केलं की त्यावर माशी बसली तरी घसरावी. नखाने टिचकी मारलीत तर अजूनही बराच वेळ गुणगुणते. पालघरच्या बाजारात मला साखरबाईने उचललं. तिने मला उलटी केली, बुडाने स्वतःच्या गालावरून फिरवून पाहिली आणि म्हणाली, "ही द्या. पोरीचे पाय पार फुटलेत."

पोरगी म्हणजे तिची लेक शैला. तारापूरच्या बाजूची, कबड्डी खेळणारी, तीही अनवाणी. लाथ मारीन तिथे पाणी काढीन असा तिचा तोरा. संध्याकाळी मैदानावरून आली की साखरबाई तिचा पाय मांडीवर घ्यायची, तळव्याला खोबरेल लावायची आणि मला गोल गोल फिरवायची. फिरवता फिरवता तळवा काळा पडायचा. "बग, किती उष्णता निघाली!" असं साखरबाई समाधानाने म्हणायची. उष्णता निघते की नाही हे मला विचारू नका. मी वाटी आहे, वैद्य नाही. पण पोरगी तिथेच, पाय मांडीवर ठेवूनच, झोपी जायची एवढं मी पाहिलंय.

शैलाच्या उजव्या तळव्यावर, मधल्या खोलगट भागात, एक जागा होती. तिथे मी पोचले रे पोचले की पाय झटका देऊन मागे जायचा आणि पोरगी खिदळायची. तेवढी एक जागा मी डोळे मिटूनही शोधून काढली असती.

लग्न ठरलं तेव्हा रुखवतात मला मांडलं नाही. पायाची वस्तू चारचौघांत मांडतात होय! साखरबाईने मला साड्यांच्या घडीत दडवून दिलं आणि अशी मी एडवणला आले, कृष्णकांतच्या घरी. नारळ-केळीची वाडी, ओटीवर झोपाळा, आणि वारा सुटला की घरभर समुद्राचा आवाज.

लग्नानंतरही शैला खेळत होती. नवऱ्याची हरकत नव्हती, सासूची होती. पण सासूला वाटायचं, सून थोड्या दिवसांत आपणच कंटाळेल. मग एका सामन्यात शैलाचा घोटा मुरगळला. लंगडत घरी आली. कृष्णकांतने खोलीचं दार लोटून घेतलं, खोबरेल गरम केलं आणि मला हातात घेतलं.

नवऱ्याने बायकोच्या पायाला हात लावायचा म्हणजे त्या काळी केवढं पाप! शैला घाबरून पाय मागे घेत होती. "अवो, सोडा. आई बगतील."

"बगू दे. पाय सुजलाय तो आईचा नाय, तुझा हाय."

त्याने घोटा चोळला, तळवा घासला, आणि घासता घासता त्याला ती जागा सापडली. शैला एवढ्या मोठ्याने हसली की तिला तोंडात पदर कोंबावा लागला. त्या क्षणी कृष्णकांतच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं, ते मी माझ्या बुडात आजवर जपून ठेवलंय.

सकाळी सारवलेल्या जमिनीवर काळी पावलं उमटलेली सासूबाईंनी पाहिली. "कोणाचे पाय काळे?" असा खडा सवाल आला. खरं कळलं असतं तर त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली असती, आणि ती आग काढायला त्यांनी मला काही जवळ येऊ दिलं नसतं. पण कृष्णकांत शांतपणे झोपाळ्यावर बसला आणि त्याने आपले दोन्ही तळवे पुढे केले. काळेकुट्ट! गडी पहाटे उठून स्वतःचेच पाय घासून बसला होता. "माझेच ते. उष्णता फार झालीय," तो म्हणाला. सासूबाईंनी त्याला आठवडाभर ताक पाजलं.

तो घोटा मात्र पूर्वीसारखा झाला नाही. सूज उतरायच्या आतच शैला पुन्हा मैदानात उतरली, पुन्हा पडली, आणि त्यानंतर खेळ सुटला. सासूबाईंना वाटलं, सून कंटाळली. कृष्णकांतलाही तसंच वाटलं असावं. शैला काही बोलली नाही.

मग वर्षं गेली. सासूबाई गेल्या, दार लोटून घ्यायची गरज उरली नाही. शैलेश जन्मला, मोठा झाला, बोईसरला कारखान्यात लागला. दिवेलागणीला कृष्णकांत वाडीतून यायचा, हातपाय धुऊन झोपाळ्यासमोर बसायचा, आणि शैलाचा पाय त्याच्या मांडीवर यायचा. ओटीवरच्या कोनाड्यातून मला काढायचं, तेल घ्यायचं, घासायचं. बोलणं फारसं नसायचं. केळीचा घड, शैलेशचा फोन, शेजारच्या जमनाची म्हैस, एवढंच. पण शेवटी तो मुद्दाम मला त्या जागेवर न्यायचा, थांबायचा, आणि ती हसायची. त्या घराची संध्याकाळ त्या हसण्याशिवाय पुरी होत नसे.

आता शैलाबाईंचे केस पिकलेत. साखरेचं दुखणं जडलंय. शैलेशची मुलगी मेघाली पालघरच्या कॉलेजात शिकते, पण राहते आजी-आजोबांकडे. कारण काय, तर तिला एडवणच्या किनाऱ्यावर पळायला मिळतं. लांब पल्ल्याच्या शर्यती पळते पोरगी. आजीचे पाय नातीत उतरलेत असं सगळे म्हणतात, आणि ते ऐकून आजी पदर सावरते.

मला एक गोष्ट कळली होती, जी कृष्णकांतला कळली नव्हती. त्या जागेवर मी पोचायचे, शैलाबाई हसायच्या, पण पाय हलायचा नाही. पूर्वीचा तो झटका नाही, बोटांचं आखडणं नाही. पाय माझ्याखाली पाटासारखा स्थिर, आणि हसू मात्र वेळेवर. मग मी वर पाहिलं. शैलाबाई कृष्णकांतच्या हाताकडे टक लावून बघत होत्या. हात थांबला की हसायचं. पायाला काहीच कळत नव्हतं. सगळं डोळ्यांनी चाललं होतं.

मी ओरडणार कशी? मला फार तर गुणगुणता येतं, तेही टिचकी मारली तर.

यंदा शैलाबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी चालायला मुभा दिल्यावर त्या काळा चष्मा लावून रोज किनाऱ्यावर जाऊ लागल्या, आणि अनवाणी. "वाळूत अनवाणी चाललं की साखर उतरते," असं त्यांना जमनाने सांगितलेलं. एडवणच्या खडकांवर कालवं असतात, त्यांच्या शिंपल्या सुरीसारख्या. पण ज्या पायाला वाटी कळत नाही, त्याला शिंपली काय कळणार?

एके दिवशी वाडीतली मोटर बंद पडली आणि कृष्णकांतला यायला उशीर झाला. नेमकी शैलाबाईंच्या डोळ्यांत थेंब घालायची वेळ. मेघालीने थेंब घातले. शैलाबाई डोळे मिटून झोपाळ्यावर मागे टेकल्या. कृष्णकांतने नेहमीसारखा पाय मांडीवर घेतला, मला फिरवलं, फिरवलं, आणि शेवटी त्या जागेवर नेऊन थांबला.

हसू आलं नाही.

त्याने पुन्हा फिरवलं. जरा दाबून. शैलाबाईंचा चेहरा शांत होता. त्या जमनाच्या म्हशीबद्दल काहीतरी सांगत होत्या.

"शैला," तो म्हणाला, "मी कुठे घासतोय?"

 मिटल्या डोळ्यांनी शैलाबाईंनी अंदाज घेतला. "टाचेकडे."

 "कदीपासून?" त्याने विचारलं.

"झाली असतील दोनेक वर्षं," त्या हळूच म्हणाल्या. "पहिल्यांदा मुंग्या यायच्या. मग त्या बी गेल्या."

"मग हसायचीस ती?"

"तुमी वाट बगत बसता ना."

कृष्णकांत उठला नाही, रागावलाही नाही. ओल्या फडक्याने तो तळव्याचं काळं पुसू लागला. एरवी ते काळं सगळे कौतुकाने बघायचे आणि तसंच राहू द्यायचे; खाली काय आहे ते बघायची वेळच कधी आली नव्हती. करंगळीच्या बुडाशी काळं निघाल्यावर लाल दिसलं, आणि लालाच्या आत काहीतरी चकाकलं. मेघालीने मोबाइलचा उजेड धरला. शिंपलीचा तुकडा रुतून बसला होता आणि भोवती पू धरला होता.

"आजी, दुखलं नाय तुला?" मेघाली रडवेली झाली.

"नाय गो. काहीच नाय," शैलाबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात भीती होती.

दुसऱ्या दिवशी पालघरला पायांच्या डॉक्टरांकडे गेलो. गेलो म्हणते, कारण कृष्णकांतने मलाही पिशवीत घेतलं होतं. डॉक्टर दीपाली तरुण, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी शैलाबाईंना डोळे मिटायला सांगून एका बारीक नायलॉनच्या दोऱ्याचं टोक तळव्याला ठिकठिकाणी टेकवलं. "लागलं की हो म्हणा." खोलीत बराच वेळ कुणी हो म्हणालं नाही. कृष्णकांत भिंतीकडे बघत बसला.

मग तुकडा निघाला, जखम साफ झाली, पट्टी बांधली. "आणखी काही दिवस गेले असते तर बोट काढावं लागलं असतं, कदाचित त्याहून जास्त," डॉक्टर म्हणाल्या. "पाय वाचेल. पण आता अनवाणी अजिबात नाही, घरातसुद्धा. शेक नाही, गरम पाण्यात पाय बुडवणं नाही. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवायच्या. आणि रोज उजेडात पाय बघायचे, खालून, वरून, बोटांमधून. स्वतःला दिसत नसेल तर घरातल्याने बघायचे."

तेव्हा कृष्णकांतने मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. "हिच्यामुळे झालं का?" त्याने विचारलं. "मी रोज घासत होतो, त्या जखमेवरून बी."

डॉक्टरांनी मला उलटीसुलटी करून पाहिलं. "वाटीमुळे नाही झालं, काका. शिंपलीमुळे झालं. पण ते काळं तेलाचं आणि धातूचं असतं, त्याच्याखाली जखम लपली. ज्या पायाला लागलेलं कळत नाही, त्याला घासायचं नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुम्ही रोज पाय हातात घेत होतात म्हणून सापडलं तरी."

खरं सांगते, मला वाईट वाटलं. उष्णतेचा माझा सगळा रुबाब एका वाक्यात उतरला. पण त्या बोलण्यात कृष्णकांतच्या खांद्यावरचं ओझं जरासं हललेलं मी पाहिलं, म्हणून गप्प राहिले.

मी कोनाड्यात परत गेले. पट्ट्या बदलत राहिल्या, जखम भरत आली. पायांना मऊ, बंद चपला आल्या. शैलाबाई त्या घालून देवघरापाशी अवघडून उभ्या राहतात, देवाने रागावू नये म्हणून हात जोडतात.

अशात मेघालीचा पाय मुरगळला. जिल्ह्याच्या शर्यतीची तयारी चालली होती. वाळूच्या खळग्यात पाय गेला आणि घोटा टम्म फुगला. जमना आली. "गरम तेलाने चोळून काढा, परवा पळेल." कृष्णकांतने सवयीने मला कोनाड्यातून उचललं. मलाही हायसं वाटलं, कुणाच्या तरी कामाला आले म्हणून.

"ठेवा ती," शैलाबाई म्हणाल्या. एवढ्या खणखणीत आवाजात त्या नवऱ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. "ताज्या मुरगळीला चोळायचं नाय. बर्फ लावायचा, पाय वर ठेवायचा, नि डॉक्टरला दाखवायचं. माझा घोटा असाच चोळला होता."

कृष्णकांत जागीच उभा राहिला. "म्हणजे तुझा खेळ..."

"सुटला तो त्या चोळण्याने सुटला, नि माझ्या घाईने बी. तुमी प्रेमानेच चोळलात. पण पोरीचा पाय नको घालवू या."

"आजी, शर्यत?" मेघालीच्या डोळ्यांत पाणी.

"शर्यत पुढल्या वर्षी बी हाय. घोटा नवीन मिळत नाय."

मेघालीने ती शर्यत सोडली. दोन दिवस आजीशी धड बोलली नाही, तिसऱ्या दिवशी आजीच्याच मांडीवर पाय ठेवून बसली. बर्फाचे खडे फडक्यात टिकत नव्हते, म्हणून कृष्णकांतने युक्ती काढली. मला पाण्याने भरलं आणि बर्फाच्या कप्प्यात ठेवलं. माझ्या आकाराचा गोल, गुळगुळीत बर्फ निघाला. फडक्यात गुंडाळून तो घोट्यावर ठेवायचा. जन्मभर उष्णतेच्या नावाने मिरवले, आता गारठा धरते. शेजारी बोंबलाची पिशवी असते, वासाचं काही विचारू नका. पण मेघाली पुन्हा हळूहळू चालू लागलीय, आणि तिच्या चालण्यात लंगडणं नाही.

परवा संध्याकाळी मेघालीने मला बाहेर काढून, पुसून कोनाड्यात ठेवलं होतं. दिवेलागण झाली. कृष्णकांत झोपाळ्यासमोर बसला. तेल नाही, वाटी नाही. दिवा जवळ ओढला, चष्मा लावला, शैलाबाईंचा पाय मांडीवर घेतला, बोटांच्या बेचक्या एकेक करून पाहिल्या, टाच पाहिली, खाली आरसा धरून तळवा पाहिला. मग त्याचं बोट त्या खोलगट जागेवर आलं आणि तिथेच थांबलं. सवय हो. जाते कुठे?

शैलाबाई हसल्या. अगदी पूर्वीसारख्या, तोंडाला पदर लावून.

कृष्णकांतने झटकन वर पाहिलं. डोळे भरून आले होते बिचाऱ्याचे. "लागलं? कळलं तुला?"

"नाय वो."

"मग आता कशाला हसतेस? आता तर मला सगळं ठाऊक हाय."

"ठाऊक हाय तरी थांबलात ना," त्या म्हणाल्या, "म्हणून हसले."

त्याने आरसा बाजूला ठेवला. पाय मांडीवरच ठेवून बराच वेळ बसून राहिला.

माझी गोष्ट एवढीच. निरोप घेताना तुमच्याकडे एक मागणं आहे. घरात कुणी वयाचं माणूस असेल, ते "मला काही दुखत नाही" म्हणत असेल, तर त्याच्या शब्दावर जाऊ नका. दिवेलागणीच्या आधी, उजेड आहे तोवर, त्याचे पाय मांडीवर घ्या आणि नीट बघा. वाटी नसली तरी चालेल.