लाईनीत आत्याची चप्पल

तर ऐका ना, करुणाला भोपूसोबत नाचायचं होतं. भोपू म्हणजे पैठण रोडला ती नवीन मौजनगरी झालीय ना, तिथला हत्ती. खरा नाय रे! आत माणूस असतो, वरून हा एवढा गुबगुबीत निळा हत्ती. आणि त्याची गंमत काय, आपण जी स्टेप करू तीच तो करून दाखवतो. आमच्या अख्ख्या उस्मानपुऱ्यातल्या पोरापोरींचे रील येऊन गेले त्याच्यासोबत. राहिली कोण? करुणा.

आता करुणाकडं बघितलं तर कोणाला काय कळणार नाय. पोरगी एकदम टकाटक. चालते, जिना पण चढते, हळूहळू का होईना. पण लहानपणापासून सांध्यांचं दुखणं. एका जागी उभी राहिली की गुडघे टम्म सुजतात, मग खाट धरायची. म्हणून कुठं पण जा, जत्रा म्हणा, लग्न म्हणा, तिचं काम ठरलेलं. "करुणा, तू बस इथं, पिशव्यांकडं बघ." सगळे फिरून यायचे आणि तिला सांगायचे, लई मजा आली.

पण या वेळी तिनं खाटेवर पडल्या पडल्या नुसत्या हातांची एक स्टेप बसवली होती. मनगटं फिरवायची, बोटं एकेक करून उघडायची, मग कोपरांना असा झोका. पायांचं कामच नाय! फक्त एकच अडचण. भोपूपर्यंत जायला तासभर लाईन. तासभर उभी राहिली, तर नाचायला उरणार काय?

मग तिनंच शोधून काढलं. मौजनगरीत दिव्यांग कार्ड दाखवलं की चिठ्ठीवर वेळ टाकून देतात. लाईनीला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ तुम्ही सावलीत बसायचं आणि मग बाजूच्या गेटनं आत जायचं. कार्ड तिच्याकडं कधीचं होतं. पण बाहेर काढायची लाज वाटायची. लोक म्हणतील, धडधाकट पोरगी, नाटकं करती.

"म्हणू दे की," तिचा मोठा भाऊ विश्वजीत म्हणाला. "तू लोकांच्या गुडघ्यांनी चालती का?"

रविवारी निघाले दोघं, तर फुलंब्रीहून मालन आत्या येऊन टपकल्या. "मी पण येती. हत्तीला मी पण बघते, नाचतो कसा ते!"

काउंटरवर मेघा नावाची मुलगी होती. तिनं कार्ड बघितलं, हसली, चिठ्ठी दिली. "वेळ झाली की त्या हिरव्या गेटवर या ताई. सोबत दोघं चालतील."

एवढं सोपं? करुणाला खरंच वाटंना.

आत्यांना तर अजिबातच खरं वाटंना. "आणि आपला लंबर कोण धरणार?"

"ही चिठ्ठी धरती ना आत्या."

"कागद? कागदाला कोण विचारतंय गं बाई!"

लिंबाखाली बाकावर जागा मिळाली. आत्या म्हणाल्या, पाणी पिऊन येते. बऱ्याच वेळानं आल्या, लुगड्यात पाय घेऊन गुमान बसल्या आणि शेंगा फोडायला लागल्या. करुणाचं लक्षच नव्हतं. ती मांडीवर बोटं नाचवत होती. मधूनच लाईनीकडं बघायची. लाईन अशी गच्च! आणि तिकडून एकदा आवाज पण आला, कोणीतरी मेघावर ओरडत होतं, "ओ मॅडम, उचलू नका ते! माणूस हाय तिथं!" काय चाललंय कुणास ठाऊक.

वेळ झाली. करुणा उठली. गुडघे एकदम शांत, आपले नसल्यासारखे! हिरव्या गेटवर तिनं चिठ्ठी पुढं केली, तेवढ्यात शेजारच्या लाईनीतून एक आवाज कडाडला.

"ओ ताई! लाईन तिकडून हाय! आम्ही काय येडे हाव का उन्हात?"

पांढरी टोपी, घामानं ओला सदरा, कडेवर नात. पैठणहून आलेले काकासाहेब, नाव मागाहून कळलं. लाईनीत अगदी पुढं पोचलेले. त्यांच्या मागून लगेच बाकीचे. "व्हय ना! चांगली चालत आली की!" "वशिला असंल!"

झालं. करुणाचे कान तापले. हेच, हेच तिला नको होतं. विश्वजीत बाह्या सरसावून पुढं झाला, "ओ काका, नीट बोला," आणि तिला वाटलं, चला, आता भांडण होणार, आणि आपण परत बाकावर. तिनं चिठ्ठी मुठीत चुरगाळली पण.

तेवढ्यात आत्या मधी घुसल्या. "अहो दादा! आमचीच हाय ती!"

काकासाहेबांनी आत्यांकडं बघितलं, मग खाली आपल्या पायाशी बघितलं. तिथं, बघा आता, एक करड्या रंगाची जुनी चप्पल! एकच. आणि आत्यांच्या पायात दुसरी.

"ही तुमचीच ना?" काकासाहेब म्हणाले. "अवं बाई, कवापासून पायानं पुढं ढकलतोय मी हिला! त्या मॅडम कचऱ्यात टाकायला निघाल्या व्हत्या, आम्ही भांडलो, माणूस हाय म्हणून!"

"देव तुमचं भलं करो. मी सांगून गेलेली ना, बाजूला बसते म्हणून."

"व्हय की. मग या ना म्होरं! लंबर तुमचाच हाय." आणि सगळी लाईन म्हणायला लागली, या या, आत्या, या. आत्ता वशिला म्हणणारी माणसं बरं का हीच!

विश्वजीतनं कपाळाला हात लावला. करुणाला मात्र एकदम हसू फुटलं. हसू फुटलं आणि भीती पण कुठल्या कुठं गेली. ती काकासाहेबांसमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं ती चुरगाळलेली चिठ्ठी सरळ केली.

"काका, ही पण चप्पलच हाय. माझे गुडघे उभं राहू देत नाय. म्हणून पार्कवाले माझा नंबर उभा ठेवतात आणि मी बसते. वेळ तुमच्याएवढाच. बघा, तुमच्यासोबतच पोचले का नाय?"

काकासाहेबांनी चिठ्ठी बघितली, चप्पल बघितली. "असं व्हय! मग असं सांगायचं की पोरी. आमच्या मंडळीचे पण गुडघे गेलेत, ती घरीच बसली. तिला मिळंल का हे?"

"कार्ड काढलं तर मिळंल. मी सांगते कसं काढायचं ते."

"आधी नाच तू. जा."

आणि गेली करुणा! समोर भोपू. जवळून तर अजून मोठा, सोंड हलवत उभा. तिनं श्वास घेतला आणि सुरू केलं. मनगटं, बोटं, कोपरांचा झोका. आत्या शिट्टी मारायला बघत होत्या, येत नव्हती. विश्वजीतचा मोबाईल चालू. भोपूनं मनगटं फिरवली, बरोबर. झोका पण जमला. पण बोटं! त्या जाड्या निळ्या पंज्यांत एकेक बोट कसं उघडणार? त्यानं नुसताच पंजा फडफडवला. लोक हसले. त्यानं परत केलं, परत फडफड.

आणि भोपू कधी बोलत नाय बरं का, बोलायचंच नसतं त्यानं. पण तो खाली वाकला आणि सोंडेतून अगदी बारीक आवाज आला. "ताई, बोटांचं परत दाखवा ना. हळू."

करुणानं मागं लाईनीकडं बघितलं.

"दाखव गं निवांत," काकासाहेब नातीला खांद्यावर घेत म्हणाले, "आम्ही हाव हितंच."

मग तिनं एक बोट उघडलं. भोपूनं पंजा वर केला. मग दुसरं.