लोकर द्या

छंद असावा, पण तो एका ट्रंकेत मावावा, असं अंबिकाचं मत होतं आणि ते ती नवऱ्याला रोज ऐकवायची. बिभीषण वाळूजच्या कारखान्यात शिफ्ट करायचा आणि सुट्टीच्या दिवशी जुनी पोस्टरं हुडकत हिंडायचा. तीही कसली, तर लढाईच्या काळात सरकारनं घरी बसलेल्या लोकांसाठी छापलेली. खिडक्या झाका, अफवा पसरवू नका, सोनं द्या, एक वेळचं जेवण सोडा. सिनेमाची पोस्टरं जमवणारा निदान नट्या तरी बघतो. हा बाबा परसात भोपळा लावणाऱ्या बाईचं चित्र बघून खूश व्हायचा.

या वेडाला गुरू भेटला तो जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात. रद्दीच्या एकाच गठ्ठ्यात दोघांनी दोन बाजूंनी हात घातला, आधी थोडी ओढाताण झाली, मग चहा झाला. जहांगीर मास्तर मूळचे सिल्लोडचे, औरंगाबादच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. निजामाच्या काळातल्या उर्दू पोस्टरांपासून एकाहत्तरच्या लढाईपर्यंतचा साठा त्यांच्याकडं होता. आता रस्ता रुंद होणार होता आणि त्यांच्या घराच्या भिंतीवर लाल खूण पडली होती. मुलगा रिझवान पुण्याला, त्याला या कागदांत काडीचा रस नव्हता. सगळा साठा बिभीषणच्या हवाली करावा असं मास्तरांच्या मनात आलं होतं आणि त्यांनी ते बोलूनही दाखवलं.

"पण आधी एकच ने. पंधरा दिवस सांभाळ, मग बघू. आणि काही झालं तर पहले मुझे बताना. मी रागावणार नाही."

ते एक होतं बासष्ट सालचं. धनगर मेंढी कातरतोय, मागं बर्फाचा डोंगर, डोंगरावर कुडकुडणारा जवान आणि खाली लाल अक्षरांत 'सीमेवर थंडी आहे, लोकर द्या.' घड्यांच्या जागी कागदाचं पीठ होत चाललं होतं. बिभीषणनं ते दोन पुठ्ठ्यांत घालून कपाटावर ठेवलं. त्या रात्री त्याला आनंदानं झोप लागली नाही.

दोन हजार तेराचा उन्हाळा होता तो. पाचोडकडच्या गावात प्यायला पाणी उरलं नव्हतं, माणसांनाच नाही तर मेंढरांना कुठलं. कस्तुराबाईनं, म्हणजे बिभीषणच्या आईनं, सगळी मेंढरं विकली होती आणि ती आधीच लेकाकडं राहायला आली होती. इथंही पाणी टँकरचंच, पण यायचं तरी. तिचं दुःख वेगळंच होतं. जन्मभर जितराबामागं चाललेली बाई दोन खोल्यांत बसून करणार काय? जेवायची नाही, बोलायची नाही, नुसती दारात बसून रस्त्यावरच्या बकऱ्या मोजायची. बिभीषणला तिची फार काळजी वाटायची.

मग एका संध्याकाळी तो कामावरून आला तर माय चक्क हसत होती. त्याला ओढतच गच्चीवर घेऊन गेली.

"बघ रं, कसं झालंय. पार इरलं होतं, फाटायला आलं होतं बाई."

गच्चीवर, चार कोपऱ्यांना चार विटा ठेवून, ते पोस्टर वाळत घातलं होतं.

कस्तुराबाईच्या माहेरी घोंगड्या विणायचे. घोंगडी मागावरून उतरली की चिंचोके भाजून, दळून, शिजवून त्याची खळ करायची आणि कुंच्यानं घोंगडीवर ओढायची, म्हणजे ती कडक होते आणि वर्षानुवर्षं टिकते. कपाटावरचे पुठ्ठे पुसताना तिला तो मेंढरंवाला सापडला. आपल्याच जातीचा माणूस असा जागोजागी फाटलेला बघून तिला राहवलं नाही. दोन्ही बाजूंनी तिनं खळ ओढली होती, हात राखला नव्हता. कागद पापडासारखा ताठ झाला होता. मेंढी तपकिरी, बर्फ पिवळा, लाल अक्षरं उतरून धनगराच्या धोतरापर्यंत आलेली.

ओरडावं म्हणून बिभीषणनं तोंड उघडलं आणि आईकडं बघितलं. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर रया आली होती.

"झ्याक झालंय, माय," तो म्हणाला. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

"पिण्याचं पाणी घातलं त्यात," अंबिका खालच्या आवाजात म्हणाली. "आता मास्तरांना काय सांगणार?"

"सांगतो उद्या."

उद्या मास्तरांचाच फोन आला. "कसं आहे आपलं पोस्टर?" "एकदम सेफ, मास्तर." बिभीषण बोलून गेला आणि त्यानं घाईनं फोन ठेवला. दोन दिवसांनी पुन्हा फोन, पुन्हा "एकदम सेफ." कारखान्यात मशीनवर लक्ष लागेना, सुपरवायझरची बोलणी बसली. टँकरचं पाणी सांडलं म्हणावं का? उंदीर म्हणावं का? पण उंदीर काय रंग उतरवतो! खरं सांगावं, तर मास्तर आईला बोलतील आणि आई पुन्हा दारात जाऊन बसेल, असं तो स्वतःला बजावायचा. साठा हातचा जाईल ही भीती त्याहून मोठी होती, आणि ते त्याला पुरतं ठाऊक होतं. तिसऱ्या फोनला तर त्यानं वर हसून दाखवलं.

शुक्रवारची नमाज आटोपून घरी येतो, असं मास्तरांनी त्याच फोनवर सांगितलं. आईला देवळात धाडायचं त्यानं ठरवलं, पण पाहुणा येणार म्हटल्यावर ती कशाला हलते? मास्तर येऊन टेकतात न टेकतात तोच तिनं आतून पोस्टर आणलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"मास्तर, तुमच्या कागदाला खळ लावली म्या. लई इरला होता. आता नातवंडांच्या हातातबी फाटायचा नाय."

बिभीषणनं डोळे मिटून घेतले. मास्तरांनी पोस्टर उचललं, उजेडाकडं धरलं, पाठ बघितली, ओघळलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"चिंचोक्याची?" मास्तरांनी विचारलं.

"व्हय. भाजून केली."

"मेहनतीचं काम आहे, बाई. मजबूत झालंय." त्यांनी ते दोन्ही हातांनी तिच्या हातात परत दिलं. "आता हे तुमचंच. भिंतीला लावा."

कस्तुराबाईला काय करू आणि काय नको असं झालं. ती चहा टाकायला सांगत आत गेली. मास्तर उठले, चपला घातल्या आणि बाहेर पडले. बिभीषण मागोमाग धावला.

बाहेर मालवाहू रिक्षा उभी होती. तिच्यात दोन मोठ्या पत्र्याच्या पेट्या, दोरीनं नीट बांधलेल्या. बिभीषणला त्या कुणाच्या ते कुणी सांगावं लागलं नाही.

"मास्तर, चुकलं माझं. मायला काही कळत नाही हो..."

"अम्मां का नाम मत ले," मास्तर म्हणाले. ते रागावले नव्हते आणि त्याचंच बिभीषणला भय वाटलं. "तिनं जे केलं ते मला हसत सांगितलं. तू तीनदा फोनवर काय म्हणालास?"

बिभीषणचा हात नकळत पेटीच्या कडीवर गेला होता. मास्तरांनी तो हळूच बाजूला केला.

"कागद तर जातातच, बेटा. भिजतात, वाळवी खाते. गेलेलं मला कळायला तर हवं."

ते ड्रायव्हरशेजारी बसले. रिक्षा वळली, खडी टाकलेल्या नव्या रस्त्यावरून पेट्यांचा खडखडाट कोपऱ्यापर्यंत ऐकू येत राहिला. बिभीषणला तिथंच फतकल मारून रडावंसं वाटलं.

कस्तुराबाई दारात आली होती. "आरं, च्या न घेताच गेले? अन् त्या पेट्या आपल्याकडंच आणल्या व्हत्या ना? उतरवल्या कशा नाय?"

बिभीषणनं तिच्याकडं बघितलं. पोस्टर अजून तिच्या छातीशी होतं.

"नाय माय. पुण्याला पोराकडं धाडायच्यात त्यांना," तो म्हणाला. ते इतकं सहज आलं तोंडातून, की तो स्वतःच दचकला.