सावेमास्तरांची दुरुस्ती

विद्याधर सावे मास्तर सत्तावीस वर्षं सातवीला भूगोल शिकवत होते, आणि दरवर्षी न चुकता सांगत होते की पृथ्वीच्या पोटात एक अजस्र लोहचुंबक पडलेला आहे, म्हणून होकायंत्राचा काटा उत्तरेकडे वळतो. फळ्यावर ते एका दमात वर्तुळ काढत. तसं गोल वर्तुळ आसपासच्या शाळांत दुसऱ्या कुणाला जमत नसे. मग त्यात एक जाड पट्टी काढून तिच्या टोकांना ‘उ’ आणि ‘द’ लिहीत. या आकृतीवर त्यांचा फार जीव होता.

१९५५च्या जानेवारीत त्यांचा सांडोर गावातला शेजारी फ्रेडरिक याच्या मुलीचं लग्न निघालं. फ्रेडरिकच्या केळीच्या वाडीत मांडव पडला. गावात वीज नव्हती, म्हणून दिव्यांसाठी आणि लाउडस्पीकरसाठी मुंबईहून भाड्याचा जनरेटर ट्रकमधून आला. दुपारी तो चालू केला तेव्हा इंजिन झकास धडधडू लागलं, पट्टा फिरू लागला, पण एकही दिवा लागला नाही. बरोबर आलेल्या माणसाने तारा तपासल्या, दिवे बदलले, दोनदा इंजिन बंद करून पुन्हा लावलं. दिवे काळेच. फ्रेडरिक गॅसबत्त्या कुणाकडे मिळतील ते विचारत फिरू लागला.

फ्रेडरिकचा धाकटा भाऊ युजीन बोटीवर इलेक्ट्रिशियन होता आणि लग्नासाठी रजेवर आला होता. तो नव्या सुटात होता. कोट काढून त्याने खुर्चीवर टाकला आणि मशीनजवळ उकिडवा बसला. हे मशीन किती दिवस पडून होतं, असं त्याने विचारलं. पावसाळ्यापासून, असं कळल्यावर त्याने इंजिन बंद करवलं, ट्रकची बॅटरी काढून आणली आणि तिच्या दोन तारा मशीनच्या आतल्या तारेच्या वेटोळ्यांना पाच-सात सेकंद लावून धरल्या. तेवढंच. मग इंजिन पुन्हा सुरू झालं. दिवा आधी विडीच्या टोकाएवढा लाल झाला, मग पिवळा, मग अख्खा मांडव उजळला. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

सावेमास्तर हे सगळं पहिल्या रांगेत उभं राहून बघत होते. युजीन त्यांचाच विद्यार्थी. त्यांनी त्याला बाजूला घेतलं आणि तू नेमकं केलंस काय, ते नीट सांग म्हणाले.

युजीनने सांगितलं की या यंत्रात कायमचा चुंबक नसतोच. लोखंडात मागचं थोडंसं चुंबकत्व उरलेलं असतं. यंत्र फिरलं की त्याच्यामुळे थोडी वीज तयार होते, ती वीज वेटोळ्यांतून फिरून चुंबकत्व वाढवते, वाढलेलं चुंबकत्व जास्त वीज तयार करतं. अशी दोघं एकमेकांना वर चढवत नेतात. पडून राहिल्याने ते उरलंसुरलं चुंबकत्व गेलं होतं, ते बॅटरीने परत दिलं. पुढचं यंत्र स्वतःच करतं, फक्त फिरवणारा पाहिजे.

मास्तरांनी मान डोलावली. युजीन मात्र घुटमळला. मग म्हणाला, “मास्तर, राग येणार नसेल तर एक सांगतो. आमचा सेकंड ऑफिसर म्हणतो, पृथ्वीपण असंच मशीन आहे. आत चुंबक नाही.”

“मग काय आहे?”

“पातळ लोखंड. वितळलेलं. ते सारखं ढवळतंय. त्यातून वीज वाहते, विजेतून चुंबकत्व, आणि त्या चुंबकत्वातून परत वीज. चुंबक आत ठेवला तर एवढ्या उष्णतेत तो टिकणारच नाही, म्हणतो.”

कुणीतरी मास्तरांच्या हातात केकची बशी दिली होती. नवरा-नवरी मांडवातून निघून घरात गेली तरी ती तशीच त्यांच्या हातात होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुंबईच्या एका कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांना पत्र लिहिलं. ओळख नव्हती, तरी तीन आठवड्यांनी उत्तर आलं, चांगलं चार पानी. लोखंड पावणेआठशे अंशांच्या आसपास तापलं की चुंबकत्व सोडतं, आणि पृथ्वीचा गाभा हजारो अंश तापलेला आहे. भूकंपाच्या लाटांवरून गाभ्याचा बाहेरचा भाग पातळ असल्याचं दिसतं. आतल्या उष्णतेने तो घुसळला जातो, पृथ्वीच्या फिरण्याने त्या प्रवाहांना पीळ पडतो, आणि डायनामोसारखं चुंबकत्व तयार होत राहतं, असं आता बहुतेक विद्वान मानतात. गणित अजून पुरं सुटलेलं नाही, हेही प्राध्यापकांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं.

मास्तरांनी पत्र तीनदा वाचलं आणि बायकोला, आनंदीबाईंना, सांगितलं की आपण सत्तावीस वर्षं पोरांना चुकीचं शिकवलं. पुस्तकात होतं तेच तुम्ही शिकवलंत, असं त्या म्हणाल्या. ते खरं होतं, पण त्यांना चैन पडेना. शेवटी रविवारी त्यांनी सायकल काढली. जेवढे जुने विद्यार्थी आठवतील आणि सापडतील, तेवढ्यांना जाऊन खरं सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. आनंदीबाईंनी कपाळाला हात लावला आणि दशम्या बांधून दिल्या.

पाचूबंदरला पीटर जाळं विणत बसला होता. त्याने मास्तरांचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पन काटा अजून उत्तरच दावतो ना, मास्तर?” दाखवतो म्हटल्यावर तो निश्चिंत झाला आणि त्याने त्यांच्या सायकलला सुके बोंबील बांधून दिले. वाडीत पाणी सोडत असलेल्या तेरेसाला वाटलं, मास्तर तिच्या धाकट्या मुलीसाठी स्थळ घेऊन आलेत. तिने चहा केला, बिस्किटं काढली, आणि गाभ्यापर्यंत सगळं ऐकल्यावर मुलगा काय करतो असं विचारलं. चार रविवारांत मास्तर एकोणीस जणांना भेटले. एकालाही तो धडा आठवत नव्हता. छड्या सगळ्यांना आठवत होत्या.

पाचव्या रविवारी ते नालासोपाऱ्याला कमळीकडे गेले. कमळी लोहाराची मुलगी आणि लोहाराचीच बायको. नवरा घण मारत होता, ती भाता ओढत होती. मास्तरांनी सायकल लावली आणि आता सवयीचं झालेलं बोलायला सुरुवात केली. पृथ्वीच्या पोटातल्या चुंबकाचं नाव निघताच तिचा हात थांबला.

“हे तर मी तुम्हाला तेव्हाच विचारलं होतं,” कमळी म्हणाली. “आमच्या बाबाचा चुंबक भट्टीत पडला होता. काढला तर साधी टाचणी उचलेना. मग पृथ्वीच्या आत एवढी आग, तिथे चुंबक कसा राहील, असं मी विचारलं.”

“मी काय म्हणालो?”

“पुस्तकात आहे ते लिही, म्हणालात. आणि बाकावर उभं केलंत.”

मास्तरांना हे अजिबात आठवत नव्हतं. त्यांनी आठवून पाहिलं, तरी फक्त आपलं गोल वर्तुळच डोळ्यांपुढे येत होतं. ते खाली बसले आणि म्हणाले, “कमळे, तुझं बरोबर होतं. माझं चुकलं.”

ती हसू लागली, आणि ते हसू तिला आवरेना. नवऱ्याने घण खाली ठेवून काय झालं विचारलं, तर तिला सांगताही येईना. मग पदराने डोळे पुसून तिने मास्तरांना पातळ लोखंडाचं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं आणि मध्येमध्ये अडवून विचारत राहिली. ते ढवळतं कशाने? वरचं निवतं आणि खालचं तापतं म्हणून का? आणि अगदी सुरुवातीला थोडं चुंबकत्व आलं कुठून? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मास्तरांकडे नव्हतं. त्यांनी तसं सांगितलं आणि खिशातल्या कागदावर तो प्रश्न कमळीच्या नावानिशी लिहून घेतला. परत जाताना वारा समोरून लागत होता, तरी पाय जड वाटत नव्हते.

मार्चमध्ये सातवीचा एक तास नालासोपाऱ्याला झाला. शाळेच्या पेटीतला चुंबक जाळायला हेडमास्तर तयार नव्हते, म्हणून मास्तरांनी मुंबईहून स्वतःचा एक आणवला. फ्रेडरिकने केळी वाहायच्या दोन बैलगाड्या दिल्या. एकतीस पोरंपोरी भट्टीभोवती दाटीवाटीने बसली. कमळीने चुंबकाला आधी मूठभर खिळे चिकटवून दाखवले. मग तो चिमट्यात धरून लालबुंद तापवला, निवू दिला, आणि खिळ्यांच्या ढिगात बुडवून वर काढला. एकही खिळा वर आला नाही.

मागच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर करून विचारलं की हेच लोखंड अजून तापवून पातळ केलं आणि ढवळलं, तर ते पुन्हा चुंबक होईल का. सगळी पोरं मास्तरांकडे बघू लागली.

मास्तर उलट्या घमेल्यावर बसले होते. ते म्हणाले, “बाईंना विचार. आज त्या शिकवतायत.”

कमळी जरा गोंधळली. मग तिने चिमटा खाली ठेवला, पदर खोचला आणि भट्टी केवढी आणि पृथ्वी केवढी, इथून सुरुवात केली.