फटकळ शेजार

फाटकापाशी पोचल्यावर ताई चपलेतली वाळू झटकायला थांबली आणि धाकट्या भावाला म्हणाली, "नाना, तू हो पुढे."

चपलेत वाळू नव्हतीच. सकाळपासूनचं हे तिसरं घर, आणि तिन्ही ठिकाणी ती अशीच एका पायावर उभी राहून चप्पल झटकत होती. नाना दोन्ही हात पाठीमागे बांधून, पोट जरा पुढे काढून चालत गेला. लहानपणापासून त्याची चाल अशीच. म्हणून तर वडिलांनी थट्टेने त्याला नाना म्हणायला सुरुवात केली होती. आता बावन्नाव्या वर्षी ते नाव त्याला बरोबर बसलं होतं. मिशी पिकली होती, टक्कल पडलं होतं. बुद्धी तेवढी सात-आठ वर्षांपाशी थांबली होती, ती थांबलीच.

घरमालकीण व्हरांड्यात आली. तिने नानाकडे पाहिलं, थबकली, आणि मग तिचा आवाज साखरेत घोळून बाहेर पडला.

"अगं बाई, कोण आलंय आमच्याकडे? बस हं इथे. शहाणा ना तू? बिस्किट देऊ?"

ताईने चप्पल पायात घातली. झालं. मग पुढची खोली, मागचं अंगण, गोड्या पाण्याची विहीर, सगळं तिने बघितलं, मान डोलावली, छान आहे म्हणाली. पण तिच्या दृष्टीने ते घर व्हरांड्यातच संपलं होतं.

एकतीस वर्षं ती बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत बसत होती. जाळीपलीकडून माणसाचा चेहरा अर्धामुर्धाच दिसतो. ओळखायचं ते आवाजावरून. कोण घरातून भांडून निघालंय, कोणाला बसशी काही घेणंदेणं नाही, नुसतं बोलायला माणूस हवंय, हे तिला पहिल्या दोन शब्दांत कळायचं. आणि नानाशी लोक कोणकोणत्या आवाजांत बोलतात, यावर तर तिला डॉक्टरेटच द्यायला हवी होती. एक हा साखरेचा. एक मोठ्याने, बहिऱ्याशी बोलावं तसा. आणि एक त्याच्या डोक्यावरून थेट तिच्याकडे येणारा: "यांना चहा चालतो का?" वाईट नसतात हो लोक. पण साखरेचे लोक दोन दिवस बिस्किटं देतात आणि तिसऱ्या दिवशी दार लावून घेतात, हा तिचा अनुभव होता.

शहरातलं त्यांचं घर चौथ्या मजल्यावर होतं. आईवडील गेल्यापासून ड्यूटीला निघताना ती बाहेरून कुलूप लावायची. संध्याकाळी परतताना खालून वर बघितलं की खिडकीच्या गजांमागे नानाचं टक्कल दिसायचं, आणि तिचं मन तिला खायचं. तीन महिन्यांनी ती निवृत्त होणार होती. कुलूप सुटणार होतं. पण गेल्या वर्षी तिच्या हृदयाचा रिपोर्ट बघताना डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, तेव्हापासून डोक्यात एकच भुंगा: आपण गेल्यावर या माणसाचं काय? नातेवाईक गोड बोलून मोकळे झाले होते. ऑफिसातल्या बायकांना वाटायचं, बिचारीने जन्मभर बसचा धूर खाल्ला, आता तिला समुद्राची हवा खायचीय. समुद्राकडे तिने सकाळपासून धड पाहिलंही नव्हतं. तिला जमिनीवरचं घर हवं होतं, उघडं दार हवं होतं, आणि शेजारी असं कोणीतरी हवं होतं, ज्याचं वर्णन तिलाही नीट करता येत नव्हतं.

"मॅडम, मागच्या खेपेची धरून नऊ घरं झाली," रस्त्याला लागल्यावर दलाल म्हणाला. तरुण होता, सकाळी उत्साहात होता, आता त्याचाही शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. "तुम्हाला नक्की पाहिजे तरी काय?"

"मलाही आता तेच कळेनासं झालंय."

"एक आहे अजून. घर चांगलं आहे. पण शेजार जरा…" तो घुटमळला. "वर्षभर रिकामं पडलंय. दोन भाडेकरू आले, दोन्ही पळाले."

ताईचे पाय भरून आले होते. राहू दे, सरळ बसस्थानकावर सोडा, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण नऊ घरं बघितली, मग दहाव्यानेच काय घोडं मारलंय?

या वेळी चप्पल झटकायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. त्याची गरजही पडली नाही. दलाल जुडग्यातून किल्ली शोधेपर्यंत नाना आपला आपणच घराला वळसा घालून बाजूच्या मोकळ्या जागेत गेला होता. आणि तिकडून एकदम आवाज आला.

"ओ पाहुणे! डोळे आहेत की बटणं? काय केलंत हे?"

ताई धावत गेली. दोन घरांच्या मधल्या जागेत मासे धरायचं भलंमोठं जाळं पसरलेलं होतं. त्याच्या कडेला साठीची एक काटकुळी बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. समोर नाना. जाळं जिथे जिथे फाटलं होतं, तिथे तिथे बाईने खुणेसाठी लाल चिंधी बांधून ठेवली होती, म्हणजे नंतर बसून सांधता येईल. नानाला कचरा बघवत नाही. त्याने एकूण एक चिंधी सोडून, घडी करून, शर्टाच्या खिशात ठेवली होती.

"माफ करा हं," ताईच्या तोंडून पाठ असलेलं वाक्य निघालं. "तो जरा…"

"तो जरा काय?"

"लहानपणापासून तसाच आहे. त्याला कळत नाही."

"हो मावशी, समजून घ्या," दलालाने कपाळापाशी बोट फिरवलं. "ते जरा इकडून…"

ताई वाट बघत राहिली. आवाज बदलतो तो इथेच. चिडलेली माणसं या क्षणी विरघळतात, जीभ चावतात आणि साखरेचा डबा उघडतात. बाईने नानाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"गाठी सोडता आल्या ना?" तिने विचारलं.

"आल्या," नाना म्हणाला.

"मग बांधताही येतील. माझी अख्खी सकाळ गेली ती भोकं शोधण्यात. आता तुम्ही शोधा. व्हा सुरू त्या टोकापासून. आणि जाळ्यावर पाय पडला ना, तर गाठ माझ्याशी आहे!"

आवाज तोच होता. कणभरही उतरला नव्हता.

ताई पुढे झाली, आणि काय वाटलं कोण जाणे, थांबली. नाना उकिडवा बसला. त्याने खिशातून एक चिंधी काढली, जाळं हातात घेऊन डोळ्यांपाशी नेलं आणि विणीतलं एकेक घर बोटाने चाचपत निघाला. घाई हा प्रकार त्याच्या गावीच नव्हता.

"मॅडम, किल्ली सापडली. घर बघताय ना?"

"बघते," ती म्हणाली आणि त्या रिकाम्या घराच्या पायरीवर बसली. बसल्यावर तिला कळलं, आपण सकाळपासून बसलोच नाही.

पलीकडे जुंपली होती.

"अहो, ते भोक नाही! कडेची वीण आहे ती, तशीच असते. जरा अक्कल चालवा."

"भोकच आहे."

"चाळीस वर्षं जाळी सांधतेय मी. मला शिकवता?"

"भोक आहे! बघ ना! बोट जातंय!"

बाई तणतणत आली, वाकली, तिने स्वतःचं बोट घालून बघितलं.

"बांधा," ती म्हणाली आणि आपल्या जागेवर परत गेली. वा नाही, शाबास नाही, टाळ्या तर नाहीतच.

नाना कोणाला असं उलटून बोललेलं ताईने जन्मात ऐकलं नव्हतं. उलटून बोलायला आधी समोरच्याने धड भांडावं लागतं. त्याच्याशी कोण भांडलं होतं? ती तरी कुठे भांडली होती? रोज कुलूप लावतानासुद्धा तिने "शहाणा ना तू" म्हणूनच लावलं होतं. अगदी त्याच आवाजात. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"बघितलंत?" दलाल हळूच म्हणाला. "म्हणून इथे कोणी टिकत नाही. सकाळ-संध्याकाळ हेच. तोंड म्हणजे नुसता पट्टा."

"ही इथेच राहते? कायमची?"

"कुठे जातेय! आणि पलीकडच्या घरात हिची मुलगी. ती तर आईच्या वरचढ. मी लपवत नाही मॅडम, नंतर तुम्ही मला शिव्या घालाल."

ताईने दिवसभरात पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं.

"मुलीचं वय काय असेल?"

"असेल पस्तीसेक. का हो?"

तिने त्याच्या हातातून किल्ली घेतली आणि घर न उघडताच मुठीत धरून ठेवली.

उन्हं कलली. पाचच्या सुमाराला दलालाने दोनदा घड्याळ बघितलं, मग खाकरला. शेवटची बस साडेपाचची होती, आणि बस चुकणाऱ्यांची रडगाणी ताईने एकतीस वर्षं ऐकली होती. ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि जाळ्याच्या कडेशी जाऊन उभी राहिली.

"नाना, बसची वेळ झाली. चल."

नानाने मान वर केली नाही. त्याच्या मांडीवर अजून चार चिंध्या शिल्लक होत्या.

"तू जा," तो म्हणाला. "माझं काम राहिलंय."

गेलं वर्षभर ती हेच रचत होती, मनातल्या मनात. मी जाणार आहे रे नाना, हे त्याला कोणत्या शब्दांत सांगायचं, कधी सांगायचं, आणि ऐकल्यावर त्याचा चेहरा कसा होईल. आणि तो जाळं चाचपत होता, झालं. ताईला एकदम रडू फुटलं. चारचौघांत, पदर तोंडाशी न्यायचंही तिला सुचलं नाही.

दलाल गांगरला. "मॅडम, मनावर घेऊ नका हो. त्यांना काय कळतंय…"

"कळतं त्याला," ती म्हणाली.

जाळेवाल्या बाईने हातातली सुई न थांबवता वर बघितलं.

"अहो ताई, रडायचंय तेवढं खुशाल रडा," ती म्हणाली, "पण त्यांच्या उजेडातून बाजूला व्हा. भोकं दिसत नाहीत त्यांना."

ताई बाजूला झाली.